बिनखर्चाची काटकसर

पाचव्या महिन्याचं बिलही वाढूनच आलं. मी ते फाडलं नाही, एवढंच. कारण फाडलं तरी भरावं लागतंच. आधीच्या चार बिलांच्या शेजारी ते टेबलावर ठेवलं, युनिटांचा आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

पाच महिने मी या घरात तुरुंगाधिकाऱ्यासारखी वावरत होते. सुरुवात झाली ती बिलाच्याच पाठीमागे छापलेल्या सूचनांपासून. ‘एक पैसाही खर्च न करता विजेचं बिल कमी करा’ असं वर ठळक अक्षरांत आणि खाली बारा कलमं. खर्च न करता म्हटल्यावर माझे डोळे चमकले. आमच्याकडे काही विकत घ्यायचं म्हटलं की हे आधी तीन ठिकाणचे भाव मागवतात, आणि भाव येईपर्यंत त्या वस्तूची गरज संपलेली असते. हे बिनखर्चाचं काम मात्र जमण्यासारखं होतं. कलमं कापून फ्रीजच्या दारावर चिकटवली आणि कंबर कसून कामाला लागले.

फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जाळी झाडली. निघालेल्या धुळीत एक उशी सहज भरली असती. टीव्हीचा तो लाल ठिपका रात्रंदिवस जळायचा, त्याचं बटण भिंतीतूनच बंद. चार्जर काम झालं की उपटायचा. धुण्याचं मशीन आठवड्यातून दोनदाच, ठासून भरून, गार पाण्यावर. इस्त्री रविवारी एकदा, आणि शेवटचे दोन शर्ट बंद केलेल्या इस्त्रीच्या उरलेल्या उबेवर. गीझरचा काटा खाली आणला. फ्रीज उघडून त्याच्यासमोर विचार करत उभं राहायला बंदी. काय हवंय ते आधी ठरवा, मग दार उघडा. दिवसा पडदे सताड उघडे, ऊन कललं की सगळे बंद, दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची वळकटी. संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसायचं. एकदा यांना अंधाऱ्या बोळात दाराची कड लागली आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. मी गार पाण्याची पट्टी ठेवली. बर्फ नाही दिला, कारण बर्फासाठी फ्रीज उघडावा लागला असता.

आणि एवढं सगळं करून बिल चढतच होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

त्यात जखमेवर मीठ चोळायला वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ. घर दुमजली आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही दोघं आणि सासरे, वर धाकटे भावजी आणि त्यांची बायको. तिचं नाव मी घेत नाही, सगळे तिला धाकटीच म्हणतात. धाकटीच्या घरात कुणी नसलेल्या खोलीतही दिवे लागलेले असतात. टीव्ही बघायला माणूस लागतं असं तिला वाटतच नाही. याच हिवाळ्यात त्यांनी मोठा गीझर बसवला, आणि वरून धबाधबा पाणी पडायला लागलं की मी खाली कोमट तांब्या अंगावर घेत दात आवळायची. अशा बाईचं बिल दर महिन्याला उतरत होतं!

“ताई, आमचं या महिन्यातपण कमी आलं बघा,” जिन्यात भेटली की ती सांगायची. “मी तर काही करतसुद्धा नाही.”

तिच्या बोलण्यात खोच नसायची, हे मला आता कळतं. तेव्हा तळपायाची आग मस्तकात जायची.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मधे बाबा होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं वायरमन होते. आजूबाजूच्या कितीतरी घरांच्या भिंतींत त्यांच्या हातच्या वायरी आहेत आणि ‘माझं काम पुन्हा कुणाला उघडावं लागलं नाही’ हे वाक्य ते महिन्यातून दोनदा तरी म्हणतात. आम्ही आधी वर राहायचो, बाबा आमच्याकडेच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. बावीस पायऱ्या चढायला त्यांना पाऊण तास लागायला लागला, तेव्हा दोघा भावांनी मजल्यांची अदलाबदल केली. खाली आल्यापासून बाबांचा जीव हरखला. फाटकाबाहेर बाक आहे. तिथे रोज सकाळी एक निवृत्त न्हावी, एक किल्ल्या बनवणारे आणि आमचे बाबा असे तिघे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात. दहा वाजता बाहेर आणि बाराला आत. त्या दोन तासांवर त्यांचा बाकीचा दिवस चालतो.

दुसऱ्या महिन्याचं बिल वाढलं तेव्हा माझी नजर त्यांच्या खोलीतल्या हीटरकडे गेली. बुटका, दोन कांड्यांचा, पायांपाशी ठेवायचा. “बाबा, दुपारी तुमच्या खिडकीत छान ऊन येतं,” मी म्हटलं. “खुर्ची तिकडे सरकवते. हीटर कशाला मग?” ते म्हणाले, “बरं.” मी हीटर कपाटावर टाकला आणि त्यांच्या खोलीतला दिवाही लहान लावला. बाबा त्यावरही ‘बरं’ म्हणाले.

चौथं बिल आलं तेव्हा मात्र माझ्या जिभेला हाड उरलं नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटत मी म्हणाले, “दिवसभर या घरात असतं कोण? एकच माणूस!” बोलले भिंतीकडे बघून. पण त्या भिंतीच्या पलीकडेच बाबांची खोली आहे, आणि बोलताना मला ते माहीत होतं. आता कितीही सारवासारव केली तरी ते माहीत होतं हे खरं आहे.

आणि या गुरुवारी, पाचवं बिल आलं त्या संध्याकाळी, जेवताना बाबा म्हणाले, “रविवारी मी वर जातो राहायला. धाकट्याशी बोललोय.”

“का?” यांनी विचारलं.

“त्याचं बिल उतरतंय. तिथे माझं थोडं पडलं तरी कळायचं नाही. इथे तुम्हाला जड जातंय.”

ते एकदा वर गेले की पुन्हा खाली येणार नव्हते, हे टेबलाभोवतीच्या तिघांनाही ठाऊक होतं. त्या गुडघ्यांनी रोज बावीस पायऱ्या उतरून फाटकाबाहेर जाणं शक्यच नव्हतं. वरच्या खिडकीतून तो बाक दिसतही नाही, पुढे छज्जा आहे. बाबा उरलेलं आयुष्य छज्जा बघत काढणार होते, आणि कशामुळे, तर माझ्या एका वाक्यामुळे.

हे म्हणाले, “बरं.” मी काहीच म्हणाले नाही. काय म्हणणार? ‘नका जाऊ, बिल तुमच्यामुळे वाढत नाही’ असं म्हणायला ते कशामुळे वाढतं हे तरी माहीत हवं ना! मला ते माहीत नव्हतं. एक मात्र ठरवलं, रविवारच्या आत घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं.

बारापैकी अकरा कलमं करून झाली होती. एकच मी टाळलं होतं: ‘घरातील सर्व वीज बंद करून मीटर पाहा. तरीही दिवा लुकलुकत असल्यास वीज कुठेतरी वाया जात आहे.’ टाळलं होतं कारण त्यात फ्रीज बंद करावा लागतो, आणि फ्रीजमधलं नासलं तर ती काटकसर कसली? शनिवारी सकाळी ते करायचं ठरवलं. हे अर्ध्या दिवसाच्या कचेरीला गेले होते, बाबा बाकावर. मी स्वयंपाकघराच्या दारामागचा मेन स्विच खाली ओढला. फ्रीजनं एक आचका दिला आणि गप्प झाला. पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. जिन्याखाली गेले.

जिन्याखालच्या फळीवर दोन मीटर शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकाखाली कंपनीची पट्टी. डावीकडच्यावर यांचं नाव, उजवीकडच्यावर भावजींचं. मीटरवर बारीक लाल दिवा असतो. जितकी वीज जास्त, तितका तो भराभर लुकलुकतो. हे बाबांनीच मला शिकवलं होतं, लग्न होऊन आले तेव्हा. आमच्या मीटरकडे बघितलं तर दिवा नुसता फडफडत होता.

घरात सगळं बंद, आणि तरी इकडे धावाधाव!

मग काय, मला दुसरं काही सुचलंच नाही. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. धाकटीचं दार उघडंच होतं. आत धुण्याचं मशीन फिरत होतं, टीव्ही भिंतीशी बोलत होता, गीझरचा लाल दिवा लागलेला, आणि ती खिडकीचे पडदे इस्त्री करत होती. पडदे! इस्त्री!

“आमच्या मीटरवर काय जोडलंय तुम्ही?” मी दारातूनच सुरू केलं.

“काय झालं ताई?”

“काय झालं मला काय विचारतेस? घर बंद करून आलेय मी, आणि मीटर पळतोय. पाच महिने आम्ही अंधारात चाचपडतोय, यांचं कपाळ फुटलं, बाबा घर सोडून निघालेत, आणि इथे पडद्यांना इस्त्री!”

धाकटीनं इस्त्री उभी केली. तिचा चेहरा लाल झाला. “म्हणजे आम्ही वीज चोरतो?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंत? दारात उभं राहून अजून काय म्हणतात?” ती पुढे आली. “चला खाली. दाखवा मला कुठे काय जोडलंय ते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

ती माझ्या पुढे तरातरा उतरली. इस्त्री तशीच चालू ठेवून. माझ्या मनात तेवढ्यातही आलं की इस्त्री बंद करायला हवी होती, पण ती वेळ नव्हती. जिन्याखाली दोघी उभ्या राहिलो. आमचा दिवा तसाच फडफडत होता.

“बघ,” मी म्हणाले.

ती आमच्या मीटरकडे बघतच नव्हती. तिची नजर शेजारच्यावर होती, भावजींच्या नावाच्या.

“ताई,” ती हळू म्हणाली, “हा आमचा ना?”

“हो मग.”

“मग याचा दिवा बंद का आहे? माझं मशीन, गीझर, इस्त्री सगळं चालू आहे वर. कशावर चालू आहे?”

मी बघितलं. त्या मीटरचा दिवा एकदाही लुकलुकत नव्हता. ती वर गेली. मिनिटभरानं तिनं वरून हाक मारली, “बंद केला मेन!” आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मीटरचा दिवा थांबला. “आता लावते!” पुन्हा फडफडायला लागला. मग मी आत जाऊन आमचा मेन वर केला आणि धावत बाहेर आले. भावजींच्या मीटरवर एक मंद ठिपका, सावकाश, थांबून थांबून लुकलुकत होता. तो आमचा फ्रीज होता. माझा झाडलेला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेला, विचार केल्याशिवाय न उघडलेला फ्रीज.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. म्हणजे पाच महिने मी जो जो दिवा विझवला तो धाकटीच्या बिलातून विझला, आणि तिनं जो जो लावला तो माझ्या बिलात लागला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण त्यातल्या आंधळ्याला निदान पाच महिने कलमं पाठ करावी लागत नाहीत!

धाकटी खाली येऊन शेजारी बसली. आधी तिला हसू आलं, मग माझ्याकडे बघून तिनं ते गिळलं. “मला वाटायचं नवा गीझर चांगला आहे म्हणून बिल उतरतंय,” ती म्हणाली. “मी सगळ्या मैत्रिणींना तोच घ्या म्हणून सांगितलं.”

दुपारी हे आले तेव्हा बाबा बाकावरून येऊन खोलीत गेले होते, आणि आम्ही दोघी पुन्हा जिन्याखाली होतो. हे कचेरीत दफ्तर सांभाळतात. यांचा विश्वास माणसांवर थोडा आणि अर्जावर फार. घरात नळ गळायला लागला तरी हे आधी कोरा कागद शोधतात. मी मीटरची गोष्ट सांगितली तेव्हा यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “शक्यच नाही. आपण खाली आलो त्याच आठवड्यात मी अर्ज केला होता. खालच्या मजल्याच्या मीटरवर आपलं नाव, वरच्या मजल्याच्या मीटरवर त्याचं. पोच आहे माझ्याकडे.”

आणि खरंच पोच घेऊन आले. तारीख, शिक्का, सगळं चोख.

मग यांनी वाकून मीटरखालच्या वायरी बघितल्या, आणि वाकलेलेच राहिले. मीही वाकले. मीटरमधून निघून घरात जाणाऱ्या वायरी एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या, डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. चारही जोडांवर काळी पट्टी, आणि प्रत्येक पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याची बारीक गाठ. अशी गाठ एकच माणूस मारतो. आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून.

“बाबा,” हे पुटपुटले.

झालं होतं ते एवढंच. आम्ही मजले बदलले, तेव्हा कुणाचं बिल कुणाला जायला नको म्हणून यांनी कागदावर नावं बदलली. आणि त्याच कारणासाठी बाबांनी गुपचूप वायरी बदलल्या. दोघांपैकी एकानंच केलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. दोघांनी केलं, आणि एकानं दुसऱ्याचं पुसून टाकलं. पहिलं दीड वर्ष दोन्ही घरांची बिलं साधारण सारखीच यायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी काटकसर करायला लागले नसते तर अजून वीस वर्षं आलं नसतं.

“बाबांना सांगू नकोस,” हे म्हणाले. “चाळीस वर्षांत त्यांच्या कामात चूक निघालेली नाही. मी सोमवारी अर्ज देतो, नावं परत फिरवतात. कुणाला कळायचंही नाही.”

“आणि उद्या?” मी म्हणाले. “उद्या ते वर जातील. स्वतःला भार समजून. ते?”

“ते काहीतरी बघू.”

“काय बघू? त्यासाठी कुठे अर्ज करणार आहात?”

यांनी पोचेची घडी घातली. धाकटी पायरीवरची धूळ बोटानं गोळा करत होती. खरं सांगायचं तर मलाही बाबांना सांगायचं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाजवळ एकच गोष्ट उरलेली असते आणि आपण जाऊन तिच्यावरच बोट ठेवायचं? पण न सांगावं तर म्हातारा वर जाणार. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी मी विचार करणं सोडलं, कारण विचार करत बसले असते तर मीही काहीतरी गुपचूप निस्तरलं असतं.

बाबांच्या खोलीत गेले. त्यांची पिशवी भरून झाली होती: दोन स्वेटर, औषधांचा डबा आणि कापडात गुंडाळलेले पेचकस. ते पलंगावर बसले होते, अंगावर शाल, शालीवर चादर.

“बाबा,” मी उभ्या उभ्याच सांगितलं, “बिल तुमच्यामुळे वाढलेलं नाही. वरची वीज आपल्या मीटरवर आणि आपली वरच्यांच्या मीटरवर चालतेय. यांनी नावं बदलून घेतली होती आणि तुम्ही वायरी बदलल्यात. दोन्ही झालं.”

“शक्य नाही,” बाबा म्हणाले. बापलेकांचे शब्दही तेच.

त्यांनी काठी घेतली आणि भिंतीला धरत जिन्याखाली आले. धाकटीनं उठून जागा दिली. बाबांनी वाकून वायरी बघितल्या, मग यांच्या हातातली पोच घेतली, डोळ्यांपासून लांब धरून तारीख वाचली. पोच परत दिली. एक बोट त्या दोऱ्याच्या गाठीवर ठेवलं.

“माझंच आहे,” ते म्हणाले.

“तुम्ही सामान लावण्यात होतात,” ते यांना म्हणाले. “म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. मी काय, स्टूलावर बसून अर्ध्या तासात करून टाकलं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?”

“मलाही तेच वाटलं,” हे म्हणाले. “म्हटलं, बाबांना कशाला त्रास.”

आणि माझा बांध फुटला. पाच महिन्यांचा.

“त्रास नको, त्रास नको!” मी ओरडले. “सगळ्यांना एकमेकांचा त्रास वाचवायचाय! एक गुपचूप कागद बदलतो, दुसरा गुपचूप वायरी बदलतो, आणि आता तिसऱ्यांदा गुपचूप घर बदलायला निघालेत! अहो, तोंडं दिलीत ना देवानं? एकानं, फक्त एकानं विचारलं असतं, ‘तू काही केलंयस का?’ तर ही वेळ आली असती? या घरात कुणी कुणाला विचारतच नाही!”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं, एवढंच.

“तू तरी कुठे विचारलंस, सूनबाई?” ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. मला उत्तराची वाट कधी बघावी लागत नाही, हे सगळी गल्ली सांगेल. त्या वेळी मात्र मी आठवायला लागले. हीटर उचलताना मी त्यांना ऊन येतं म्हणून सांगितलं होतं. दिवा बदलताना वीज किती वाचते ते सांगितलं होतं. खुर्ची कुठे ठेवायची, पाणी किती तापवायचं, सगळं सांगितलंच होतं. विचारलं एकदाही नव्हतं. लाजेनं माझे कान तापले, आणि मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा त्या मीटरचाही कधी आला नव्हता.

“बाबा,” मी म्हणाले, “थंडी वाजते तुम्हाला?”

“वाजते,” बाबा म्हणाले. “फार वाजते. पहाटे पाय लाकडासारखे होतात. उठलो तरी तासभर जमिनीवर टेकवत नाहीत.”

हे काहीतरी म्हणायला गेले. मी हातानं थांबवलं.

“अजून?”

“अंघोळीच्या पाण्याला कोमटसुद्धा म्हणता येणार नाही.” बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. “खोलीतल्या त्या दिव्यात पेपर वाचता येत नाही. मथळे वाचतो आणि बाकीचं बाकावर न्हाव्याकडून ऐकतो, तो सगळं चुकीचं सांगतो. आणि ती खुर्ची. ऊन थेट डोळ्यांत येतं. दुपारभर डोळे मिटून बसावं लागतं, आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस, बाबांना दुपारी छान झोप लागते!”

धाकटीनं तोंडावर हात ठेवला. मला हसू येत नव्हतं. मी त्या पायरीवर बसून एकेक ऐकत होते आणि प्रत्येकाला मान हलवत होते.

“आणि वर?” मी शेवटी विचारलं. “वर जायचंय तुम्हाला?”

बाबांनी आधी धाकटीकडे बघितलं. “तुझं काही नाही हं पोरी. तू चांगलीच ठेवशील मला.” मग ते आमच्या दोघांकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “नव्हतंच जायचं. गुरुवारी बोललो तेव्हा वाटलं होतं, दोघांपैकी एक जण तरी म्हणेल, जाऊ नका. हा ‘बरं’ म्हणाला. तू तर काहीच बोलली नाहीस.”

“मग आता बोलते!” मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या घरातला टीव्हीसुद्धा क्षणभर ऐकू आला नाही. “जाऊ नका!”

“ऐकू येतं मला,” बाबा म्हणाले.